जुन्या सूक्ष्मदर्शकाची पावसाळ्यानंतरची देखभाल: कोणते काम आधी, कोणते नंतर

नाशिकमधील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, लहान पॅथॉलॉजी केंद्रांत आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांना सल्ला देणाऱ्यांच्या टेबलांवर वीस-तीस वर्षांचे सूक्ष्मदर्शक आजही रोजच्या कामात आहेत. पावसाळाभर कपाटात राहिलेले हे यंत्र सप्टेंबरच्या अखेरीस बाहेर निघते, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या द्राक्षवेलीवरील रोगांचे नमुने येऊ लागतात आणि महाविद्यालयांत प्रात्यक्षिकेही सुरू झालेली असतात. त्या वेळी “धूसर दिसते” ही तक्रार हमखास ऐकू येते. तक्रार खरी असते, चुकतो तो उपाय. कोणी रुमालाने भिंग पुसतो, कोणी स्पिरिट ओततो, तर कोणी थेट स्क्रू ड्रायव्हर हाती घेतो. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या जुन्या यंत्रांकडे नीट पाहिले, तर पावसाने केलेल्या हानीपेक्षा घाईने केलेल्या साफसफाईची हानी मोठी असल्याचे दिसते.

पुढील क्रम १६० मिलिमीटर नळीच्या, एक किंवा दोन आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगांच्या), आरशावर किंवा हॅलोजन दिव्यावर चालणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकासाठी आहे. हा क्रम मोडू नये. आधी दोष शोधायचा, मग सर्व भिंगे उतरवून सुरक्षित ठेवायची, नंतर ग्रीसचे काम करायचे आणि काच सर्वांत शेवटी पुसायची. बहुतेक जण सुरुवातच काच पुसण्यापासून करतात. मग ग्रीसचे आणि टर्पेंटाइनचे शिंतोडे स्वच्छ भिंगांवर उडतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते. प्रत्येक वेळी पुसताना काचेवर थोडा धोका असतोच, त्यामुळे एकदा पुसून भागणारे काम दोनदा होऊ देऊ नये.

## तयारी

टेबलावर पांढरा, धुतलेला, धागे न सुटणारा कापड अंथरावा. पांढऱ्या कापडावर पडलेला बारीक स्क्रू लगेच दिसतो. पंखा बंद ठेवावा. खिडकीजवळ बसावे, पण थेट उन्हात बसू नये. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि त्यानंतर हाताला तेल किंवा क्रीम लावू नये.

पुढील साहित्य आधीच जवळ घ्यावे.

- रबरी फुगा. कान धुण्यासाठी मेडिकलमध्ये मिळतो तो चालतो, मात्र तो कोरा आणि कोरडा असावा.
- रंगकामाचा मऊ, बारीक ब्रश. तो फक्त काचेसाठी राखून ठेवावा.
- लेन्स पेपर आणि शुद्ध सर्जिकल कापूस.
- बांबूच्या बारीक काड्या. उदबत्तीच्या काड्या वापरू नयेत, कारण त्यांवर मसाल्याचे कण राहतात.
- डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे किंवा नळाचे पाणी वाळल्यावर काचेवर क्षारांचे डाग सोडते.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे. वाळलेले तेल काढायचे असल्यास एन-हेक्झेन.
- टर्पेंटाइन, जुना दात घासण्याचा ब्रश आणि थोडे घट्ट ग्रीस.
- घड्याळजी वापरतात तसे, खाचेत नेमके बसणारे स्क्रू ड्रायव्हर.
- झाकणाच्या लहान डब्या, पेन्सिल आणि एक वही.

सावधान: हेक्झेन चटकन पेट घेते आणि त्याची वाफ शरीराला अपायकारक आहे. बर्नर, उदबत्ती किंवा चालू दिवा जवळ नसेल आणि खिडक्या उघड्या असतील तेव्हाच बाटली उघडावी. लहान डबीत चमचाभर काढून घेऊन मूळ बाटली लगेच बंद करावी.

हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर भिंगासाठी वापरू नये. त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि अल्कोहोल उडून गेल्यावर त्याचा पातळ थर काचेवर राहतो. चष्म्याचा कपडाही नको, कारण तो खिशात फिरलेला असतो आणि त्यात अडकलेल्या धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

## टप्पा १: हात लावण्याआधीची नोंद

यंत्र जसे आहे तसे चारही बाजूंनी पाहावे आणि मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. नोजपीसवर (ऑब्जेक्टिव्ह धरणाऱ्या फिरत्या चकतीवर) कोणत्या जागी कोणते ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचे भिंग) आहे, आयपीसवर किती अंक कोरलेला आहे, आरसा कोणत्या बाजूने वळवलेला आहे आणि कंडेन्सर (स्लाइडखालचे, प्रकाश एकवटणारे भिंग) किती वर आहे, हे वहीत लिहावे. ऑब्जेक्टिव्हवरील कोरीव मजकूर जसाच्या तसा उतरवावा. “४०/०.६५” आणि त्याखाली “१६०/०.१७” असे लिहिलेले असेल, तर पहिल्या जोडीतून वर्धनक्षमता आणि छिद्रांक (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते ते सांगणारा आकडा) समजतो, तर दुसऱ्या जोडीतून नळीची लांबी १६० मिलिमीटर असल्याचे आणि कव्हर स्लिप (नमुन्यावरची पातळ काच) ०.१७ मिलिमीटर जाडीची लागत असल्याचे समजते. उद्या एखादे ऑब्जेक्टिव्ह बदलायची वेळ आली, तर दुकानात हाच मजकूर उपयोगी पडतो.

## टप्पा २: दोष नेमका कोठे आहे

या टप्प्याला वेळ द्यावा. बाकीचे सर्व काम त्यावर अवलंबून आहे, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक जण गाळतात.

प्रथम चांगली ओळखीची, कायमस्वरूपी बनवलेली स्लाइड घ्यावी. ती नसेल, तर कांद्याच्या पापुद्र्याची ताजी स्लाइड आयोडीनने रंगवून करावी. लासलगावचा कांदा ज्या जिल्ह्यात पिकतो, तेथे या नमुन्याची वानवा नाही, आणि त्याच्या पेशीभित्तिकांच्या सरळ रेषा प्रतिमेची धार तपासायला उत्तम असतात.

आधी प्रकाश तपासावा. कंडेन्सर जवळजवळ सर्वांत वर आणावा. १० एक्सवर (दहापट मोठे दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हवर) स्लाइड फोकस करावी, आयपीस काढून नळीत सरळ खाली पाहावे आणि आयरिस (कंडेन्सरची उघडझाप होणारी प्रकाशाची झडप) उघड-बंद करावी. खाली दिसणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळलेला असेल, इतकी आयरिस उघडी ठेवावी. कित्येक “धूसर” यंत्रे येथेच ठीक होतात, कारण कोणीतरी कंडेन्सर तळाशी नेलेला असतो किंवा आयरिस पूर्ण मिटलेली असते.

मग स्लाइड तपासावी. १० एक्सवर व्यवस्थित दिसते, पण ४० एक्सवर काही केल्या फोकस होत नाही, असे असेल तर बहुतेक वेळा स्लाइड उलटी ठेवलेली असते. कव्हर स्लिप वरच्या बाजूला आहे का ते पाहावे. हे तपासल्याशिवाय ४० एक्सला दोष देऊ नये.

आता ठिपके आणि धूसरपणा वेगळे करावेत. दृश्यात काळे ठिपके, धागे किंवा कण स्पष्ट दिसत असतील, तर पुढील हालचाली एकेक करून पाहाव्यात.

- स्लाइड सरकवली आणि ठिपका तिच्याबरोबर सरकला, तर तो स्लाइडवर आहे.
- आयपीस नळीतच हलकेच फिरवला आणि ठिपका फिरला, तर तो आयपीसवर आहे.
- कंडेन्सर वर-खाली केल्यावर ठिपका धारदार होतो किंवा विरतो, तर तो कंडेन्सरवर, दिव्यावरच्या काचेवर किंवा आरशावर आहे.

तिन्ही हालचालींनी काहीच बदलत नाही आणि दृश्य ठिपक्यांशिवायच दुधाळ दिसते, तर ऑब्जेक्टिव्ह बदलून पाहावे. एकाच ऑब्जेक्टिव्हवर दुधाळपणा असेल, तर दोष त्या ऑब्जेक्टिव्हचा. सर्वांवर सारखाच असेल, तर आयपीस, दोन आयपीसच्या यंत्रातील प्रिझम किंवा कंडेन्सर यांकडे पाहावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ऑब्जेक्टिव्हच्या पुढच्या भिंगावर बसलेली घाण दृश्यात ठिपका म्हणून कधीच दिसत नाही. ते भिंग प्रतिमेच्या प्रतलापासून दूर असल्यामुळे त्यावरील डाग सर्व दृश्यावर पसरतो आणि फक्त तेजस्वीपणा व धार कमी करतो. म्हणून ठिपका दिसला की ऑब्जेक्टिव्ह पुसायला घेणे आणि धूसर दिसले की आयपीस पुसत बसणे, या दोन्ही सवयी नेमक्या उलट आहेत.

ऑब्जेक्टिव्ह प्रत्यक्ष पाहण्याची रीत. एक आयपीस काढून तो उलटा धरावा, म्हणजे एरवी नळीत जाणारी बाजू डोळ्याकडे आणि एरवी डोळ्याजवळ असणारी बाजू ऑब्जेक्टिव्हकडे करावी. आता तो उत्तम हातभिंगाचे काम करतो. ऑब्जेक्टिव्हचे पुढचे भिंग त्यातून बाजूच्या प्रकाशात तिरपे धरून पाहावे. स्वच्छ भिंगात खिडकीचे प्रतिबिंब एकसंध आणि धारदार दिसते. ४० एक्सवर वाळलेले तेल असेल, तर भिंगाच्या कडेला पिवळसर कडे दिसते, मध्यावर तेलाचा थर सुरकुतलेला दिसतो आणि प्रतिबिंब त्यावर तुटक होते. बुरशी असेल, तर एका बिंदूपासून फुटलेले, फांद्यांसारखे पसरणारे अतिबारीक धागे दिसतात. बोटाचा ठसा समांतर रेषांमुळे ओळखू येतो. मागच्या बाजूनेही असेच पाहून घ्यावे.

तपासून पाहा: पुढे जाण्याआधी वहीत एक वाक्य लिहिता आले पाहिजे, उदाहरणार्थ, “४० एक्सच्या पुढच्या भिंगावर वाळलेले तेल, आयपीसवर धूळ, फोकस खाली घसरतो.” असे वाक्य लिहिता येत नसेल, तर टप्पा २ पुन्हा करावा.

## टप्पा ३: भिंगे उतरवून ठेवणे

स्टेज (स्लाइड ठेवण्याचा मंच) शक्य तेवढी खाली न्यावी. डावा हात ऑब्जेक्टिव्हखाली ओंजळीसारखा धरावा आणि उजव्या हाताने ते फिरवून काढावे. प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह स्वतंत्र डबीत ठेवावे आणि डबीवर त्याची जागा पेन्सिलने लिहावी. नोजपीसची रिकामी छिद्रे स्वच्छ कागद चिकटवून बंद करावीत. आयपीस, कंडेन्सर आणि दोन आयपीसचे डोकेही उतरवावे. डोक्याचा बाजूचा स्क्रू सैल केल्यावर ते एकदम सुटते, म्हणून स्क्रू फिरवण्याआधी दुसरा हात डोक्याखाली हवा.

सावधान: दोन आयपीसच्या डोक्याचे तळाचे झाकण उघडू नये. आतील प्रिझम कारखान्यात एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. ते किंचित हलले, तरी दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात, वापरणाऱ्याचे डोके दुखू लागते आणि ही जुळवणी घरच्या साधनांनी पुन्हा करता येत नाही. आयरिसच्या पात्यांनाही हात लावू नये, त्यांना तेल देऊ नये. तेलाने पाती एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी दांडी ओढताच वाकतात.

## टप्पा ४: फोकस, स्टेज आणि ग्रीस

जुन्या ग्रीसची दोन टोके दिसतात. उन्हाळ्यात ते पातळ होऊन नळी किंवा स्टेज आपोआप खाली घसरते, आणि निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जातो तेव्हा तेच ग्रीस इतके आवळते की नॉब फिरवायला जोर लागतो. दोन्ही वेळा लोक नॉबवर शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारतात. पहिल्या दिवशी नॉब लोण्यासारखा फिरतो, पण पातळ तेलाने उरलेसुरले ग्रीसही धुऊन जाते. काही आठवड्यांत स्टेज घसरू लागते आणि तेल झिरपत आयरिसपर्यंत पोहोचते.

घसरण असेल, तर ग्रीस बदलण्याआधी ताण तपासावा. काही यंत्रांत मोठ्या नॉबच्या आतल्या बाजूला ताणाची वेगळी रिंग असते. ती थोडी आवळली की काम होते. अशी रिंग नसलेल्या कित्येक जुन्या यंत्रांत दोन्ही बाजूंचे मोठे नॉब दोन हातांत धरून एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हलकेच पिळले की ताण कमी-जास्त होतो. रिंग असलेल्या यंत्रात मात्र नॉब असे पिळू नयेत.

ताण बदलूनही फरक पडत नसेल, तरच ग्रीस बदलावे.

१. मोठ्या नॉबने स्टेज किंवा नळी शक्य तितकी वर घ्यावी, म्हणजे सरकपट्टी आणि दातेरी पट्टी उघडी पडते.

२. दात घासण्याच्या ब्रशला थोडे टर्पेंटाइन लावून जुने, काळे पडलेले ग्रीस सुटे करावे आणि कापडाने टिपून घ्यावे. टर्पेंटाइन ओतू नये. ते रंगाला, प्लॅस्टिकला आणि भिंगांना लागू देऊ नये. भिंगे आधी उतरवून ठेवण्याचे मुख्य कारण हेच आहे.

३. दातांच्या खाचांतील घाण बांबूच्या काडीच्या टोकाने काढावी. दाते बहुधा पितळेचे असतात, म्हणून लोखंडी टोचा वापरू नये.

४. पूर्ण वाळल्यावर सरकपट्टीवर घट्ट ग्रीसचा अगदी पातळ थर बोटाने पसरावा. दातांवर त्याहूनही कमी पुरते.

५. वरपासून खालपर्यंत अनेकदा फिरवून बाहेर आलेले जास्तीचे ग्रीस पुसून टाकावे. ग्रीस बाहेर दिसत राहिले, तर पुढील उन्हाळ्यातील धूळ त्यातच बसते.

सावधान: बारीक फोकसची पेटी उघडू नये. बारीक नॉब एका टोकाला अडला, तर तो बिघडला असे समजून जोर लावला जातो आणि आतील भाग तुटतो. बहुतेक वेळा तो फक्त आपल्या फिरण्याच्या हद्दीच्या टोकाला आलेला असतो. तो उलट दिशेने मध्यापर्यंत फिरवावा आणि मग मोठ्या नॉबने फोकस घ्यावा. काही यंत्रांवर मध्याची खूण कोरलेली असते.

स्टेजच्या क्लिपा आणि सरकदांड्या सलाइन, रंग आणि ग्लिसरीन यांनी खरखरीत होतात. त्या ओल्या कापडाने पुसून, लगेच कोरड्या करून, वरीलप्रमाणेच हलके ग्रीस द्यावे.

## टप्पा ५: काच पुसणे

आता हात पुन्हा धुवावेत.

फुंकणे आणि झटकणे. प्रत्येक भिंगावर आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रश हलकेच फिरवावा. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब उडतात. सुटी धूळ निघाल्याशिवाय ओला किंवा कोरडा कापूस काचेला लावला, तर धुळीतील कठीण कण काचेवर घासले जातात. ठिपका टप्पा २ मध्ये आयपीसवर सापडला असेल, तर पुष्कळदा हवेनेच जातो आणि पुढे काही करावे लागत नाही.

कापसाची काडी बनवणे. बाजारातील कानाच्या काड्यांपेक्षा ही चांगली. बांबूच्या काडीचे टोक आयसोप्रोपिलमध्ये बुडवून घ्यावे, शुद्ध कापसाच्या थराला टोक लावून काडी गोल फिरवावी, म्हणजे कापूस आपोआप गुंडाळला जातो. गुंडाळलेल्या टोकाला बोट लावू नये, बोटाचा स्निग्धपणा अल्कोहोलमध्ये विरघळून थेट भिंगावर जातो. काडी काचेवर फक्त एकदा वापरायची आणि टाकून द्यायची. एका यंत्राला मूठभर काड्या लागतात, त्यात काटकसर करू नये.

आधी पाणी, मग द्रावक. डाग पाण्यात विरघळणारा असेल, जसे मीठपाणी, ग्लिसरीन, द्राक्षाच्या पानाचा रस किंवा साखर, तर काचेवर हलका उच्छ्वास सोडून किंवा डिस्टिल्ड वॉटरने काडी ओलसर करून तो काढावा. तेल, बोटाचा ठसा किंवा पापण्यांचा स्निग्धपणा पाण्याने जात नाही. त्याला आयसोप्रोपिल, आणि चिवट असल्यास ८५ भाग हेक्झेन व १५ भाग आयसोप्रोपिल असे मिश्रण लागते. क्रम उलटा केला, तर अल्कोहोलमुळे मिठाचा किंवा प्रथिनाचा डाग आकसून अधिक घट्ट बसतो. काडी ओलसर असावी, ठिबकती नसावी, कारण जास्तीचे द्रावण भिंगाच्या कडेने आत शिरते.

फिरवण्याची दिशा. मध्यापासून सुरुवात करून वाढत जाणाऱ्या वर्तुळांनी कडेपर्यंत यावे आणि काडी उचलावी. कडेकडून मध्याकडे आल्यास धातूच्या कडेशी साठलेली घाण भिंगाच्या मध्यभागी येते. दाब जवळजवळ नसावा.

### ४० एक्सवर वाळलेले तेल

सर्वांत जास्त आढळणारा दोष हा आहे. १०० एक्स ऑब्जेक्टिव्ह स्लाइडवरच्या तेलाच्या थेंबात बुडवून वापरतात. ते तेल टाकल्यावर नोजपीस परत फिरवला जातो आणि ४० एक्स त्या थेंबातून जाते. ते कोरडे वापरायचे ऑब्जेक्टिव्ह असल्यामुळे तेलाचा हलका थरही चित्र पूर्ण बिघडवतो. शिवाय बऱ्याच ४० एक्सचे पुढचे भिंग अंतर्वक्र असते, म्हणून वरून फिरवलेला लेन्स पेपर खोलगट भागापर्यंत पोहोचतच नाही आणि “पुसले तरी जात नाही” असे वाटत राहते. येथे अगदी लहान टोकाची काडी लागते.

लेन्स पेपरचा तुकडा मिश्रणाने ओलसर करून भिंगावर काही सेकंद टेकवून ठेवावा, मग न दाबता बाजूला ओढून घ्यावा. पिवळा डाग कागदावर उतरलेला दिसेल. कागदाचा कोरा भाग घेऊन हेच पुन्हा करावे आणि शेवटी बारीक काडीने खोलगट भाग पुसावा. एका बैठकीत निघाले नाही, तर खरवडण्याचा मोह आवरावा आणि पुन्हा भिजवून पाहावे. प्रत्येक फेरीनंतर उलट्या आयपीसमधून पाहावे. प्रतिबिंब एकसंध झाले की तेथेच थांबावे.

### बुरशी

बाहेरील पृष्ठभागावरील ताजी बुरशी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ओलसर केलेल्या काडीने पुसावी, नंतर डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिलने. धागे निघाल्यावरही त्यांच्या जागी पुसट नक्षी उरली, तर बुरशीच्या आम्लाने काच किंवा तिचा लेप खाल्ला आहे असे समजावे. ती कोणत्याही द्रावणाने जात नाही, तेव्हा घासत बसू नये. बुरशी ४० एक्स किंवा १०० एक्सच्या आत असेल, तर ते उघडू नये. त्यांतील लहान भिंगे एकमेकांशी केंद्रित करून बसवलेली असतात.

तपासून पाहा: बुरशी लागलेले भाग, त्यांवर वापरलेले कापड आणि डबी निरोगी भिंगांपासून वेगळे ठेवले आहेत ना?

### कपाटातील जुनी टिपणे

प्रयोगशाळांच्या कपाटांत जुन्या सेवापत्रिका आणि हस्तलिखित सूचना सापडतात. त्या फेकून देऊ नयेत, कारण यंत्राच्या स्क्रूंचा क्रम आणि ताणाची जागा अनेकदा तेथेच लिहिलेली असते. मात्र त्यांतील रसायनांच्या सूचना जशाच्या तशा पाळू नयेत. बेंझिनने भिंग पुसण्याची सूचना सोडून द्यावी, ते कर्करोगकारक आहे. झायलीनने वाळलेले देवदार-तेल (१०० एक्ससाठीचे जुन्या पद्धतीचे तेल) निघते हे खरे, पण जुनी भिंगे ज्या कॅनडा बाल्समने जोडलेली असतात तेही झायलीनमध्ये विरघळते. त्यामुळे दुसरा इलाज नसेल तेव्हाच ते अगदी अल्प प्रमाणात, क्षणभर वापरावे. खोक्यात डांबरगोळ्या ठेवण्याची सूचनाही बाद करावी, कारण त्यांची वाफ काचेवर बसते.

## टप्पा ६: दिवा, आरसा, वीज

प्लग काढल्याशिवाय काहीही उघडू नये. हॅलोजन दिवा थंड झाल्यावर कागदात धरून काढावा-घालावा, कारण बोटाचा स्निग्धपणा तापलेल्या काचेवर भाजतो आणि दिवा लवकर जातो. नवा दिवा जुन्याइतक्याच व्होल्ट आणि वॅटचा हवा. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची तार शाबूत असल्याची वीजतंत्र्याकडून खात्री करून घ्यावी.

आरशाच्या यंत्रात कंडेन्सर असेल, तर सपाट बाजू वापरावी, नसेल तर अंतर्वक्र. आरशावर थेट ऊन घेऊ नये, डोळ्याला इजा होते.

## टप्पा ७: जोडणी आणि अंतिम तपासणी

ऑब्जेक्टिव्हचा आटा बारीक असतो, एका फेऱ्याला साधारण ०.७ मिलिमीटर. तिरका बसला, तर पितळ कापले जाते. म्हणून ऑब्जेक्टिव्ह छिद्राला लावून आधी उलट दिशेने हलकेच फिरवावे. आटा आट्यात पडल्याचा बारीकसा धक्का बोटांना जाणवतो. त्यानंतरच सुलट फिरवावे आणि फक्त बोटांच्या जोराने आवळावे.

मूळच्या जागी मूळचेच ऑब्जेक्टिव्ह लावावे. एखादे नवे घेतले असेल, तर त्यावर १६० कोरलेले आहे का ते पाहावे. अनंताचे चिन्ह असलेले ऑब्जेक्टिव्ह या नळीवर नीट चालत नाही. आजच्या बहुतेक विद्यार्थी-ऑब्जेक्टिव्हांची फोकससाठीची मानक उंची ४५ मिलिमीटर असते, तर कित्येक जुनी त्याहून आखूड असतात. आखूड आणि लांब एकाच नोजपीसवर मिसळली, तर फिरवताना लांब ऑब्जेक्टिव्ह स्लाइडवर आदळते. म्हणून नवे ऑब्जेक्टिव्ह लावल्यावर पहिली फेरी स्लाइडशिवाय, बाजूने डोळा लावून घ्यावी.

आता टप्पा २ मधील तीच कांद्याची स्लाइड परत ठेवावी. ४, १०, ४० या क्रमाने पाहावे. दृश्याच्या मध्यावर पेशीभित्तिका दोन्ही कडांनी धारदार दिसली पाहिजे. कडेला थोडी धार कमी होणे साध्या ऑब्जेक्टिव्हांत स्वाभाविक आहे, परंतु एकाच बाजूला कमी होत असेल, तर ऑब्जेक्टिव्ह तिरके बसले आहे किंवा स्लाइड स्टेजवर सपाट नाही. फोकस घेऊन यंत्र काही मिनिटे तसेच ठेवावे. चित्र आपोआप बिघडले, तर टप्पा ४ मधील ताण पुन्हा पाहावा.

द्राक्षाच्या कामासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी आणखी एक कसोटी घ्यावी. डाऊनी लागलेल्या पानाच्या खालच्या बाजूची पांढरी बुरशी पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून पाण्याच्या थेंबात ठेवावी. ४० एक्सवर काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि त्यांच्या टोकांवरील लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधान्या (बीजाणूंच्या पिशव्या) वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. भुरीचे बीजाणू साखळीत असतात. हे दोन्ही नीट वेगळे दिसत नसतील, तर चुकीची फवारणी सुचवली जाण्याचा धोका असतो, म्हणून अशा यंत्रावर निदान करू नये.

## टप्पा ८: ठेवण्याची जागा

स्वच्छ केलेले यंत्र दमट कपाटात परत गेले, तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी पुन्हा येते, आणि इगतपुरी-त्र्यंबककडील शाळांत तर नाशिक शहराच्याही आधी. कपाटातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. त्यासाठी लहान आर्द्रतामापक कपाटातच टांगावा, अंदाजावर राहू नये.

जुन्या प्रयोगशाळांत लाकडी कपाटात तळाशी १५ वॅटचा साधा बल्ब जळत ठेवत असत, आणि ही रीत अजूनही चांगली आहे. बल्ब आणि लाकूड यांत पुरेसे अंतर हवे, वर हवा जायला छिद्रे हवीत. त्या जागी एलईडी बल्ब लावला, तर उजेड पडतो पण ऊब मिळत नाही, त्यामुळे उपयोग होत नाही. अनेक कपाटांत नेमके हेच घडले आहे.

बल्बची सोय नसेल, तर घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेल ठेवावे. निळे जेल गुलाबी झाले की ते भरले. पसरट भांड्यात काढून १२० अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होते. निळ्या रंगासाठी वापरलेले कोबाल्ट क्लोराइड अपायकारक असल्याने ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नये. केशरी जेल मिळाल्यास ते घ्यावे. जेलशिवाय नुसती प्लॅस्टिकची पिशवी यंत्रावर चढवू नये, आत अडकलेली वाफ भिंगांवरच उतरते. वापरात असताना धुळीपासून बचावासाठी सुती आवरण पुरते.

## कारागिराकडे केव्हा न्यावे

प्रिझम हललेले असतील, बारीक फोकस आतून तुटला असेल, आयरिसची पाती वाकली असतील किंवा ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशी वा सुटलेला बाल्सम दिसत असेल, तर घरी प्रयत्न करू नये. साध्या विद्यार्थी-सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह आतून बिघडले असल्यास दुरुस्तीपेक्षा नवे घेणे बहुधा स्वस्त पडते. हरियाणातील अंबाल्यात तयार होणारी १६० मिलिमीटरची ऑब्जेक्टिव्हे सहज मिळतात. जुन्या जर्मन किंवा जपानी ऑब्जेक्टिव्हांच्या बाबतीत मात्र आधी दुरुस्तीची चौकशी करावी, तशी काच पुन्हा मिळत नाही.

नेताना यंत्र उभेच ठेवावे, एक हात दांड्याला आणि दुसरा पायाखाली द्यावा. आयपीस आणि ऑब्जेक्टिव्ह डब्यांत वेगळे न्यावेत, स्टेज खाली घेऊन ठेवावी. टप्पा १ व २ मधील नोंदींचे पान झेरॉक्स करून यंत्राबरोबर द्यावे, आणि यंत्र परत घेताना कारागिरासमोरच आपली कांद्याची स्लाइड ४० एक्सवर पाहूनच पैसे चुकते करावेत.